आत राहिलेली काळी कोंबडी

“उमाकांता, तुझी ती काळी खय रे?”

शेवंती काकीनं हे विचारलं तेव्हा मी राहुटीसमोर उभा राहून दात घासत होतो. तोंडात मंजन होतं, त्यामुळं लगेच उत्तर द्यायची सक्ती नव्हती. काकी आमची शेजारीण. गावात आमच्या घराला तिचं घर लागून, आणि गावाबाहेर आलो तर राहुटीला राहुटी लागून. लोकांच्या कोंबड्या तिला लोकांच्या मुलांपेक्षा जास्त ओळखू येतात.

मी सावकाश चूळ भरली आणि म्हणालो, “ती खाल्ली आम्ही. रविवारी.”

तीन दगडांच्या चुलीपाशी भाई फुंकणी घेऊन बसला होता. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ जयवंत. त्याचं फुंकणं थांबलं.

“कोणी सांगितला तुका?”

“सांगूक कशाक होया? रविवारी सागोती केलंस ना तू?”

“ती बाजारातली होती.”

“मगे काळी खय आसा?”

भाईनं फुंकणी खाली ठेवली. “तू आणूक नाय तिका?”

“खयसून आणतलंय?”

“खोपीतसून. डालीखालसून. बारा दिवस झाले, अंड्यांवर बसवलंय तिका.”

काकीचा हात तोंडावर गेला. मला आधी काही समजलंच नाही, मग समजलं. गाव बंद होऊन एक दिवस झाला होता. अजून दोन दिवस आत कुणाला पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि आमची कोंबडी आत होती.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना एवढं सांगायला हवं. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की आमचा सगळा गाव घरं बंद करून बाहेर पडतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, शिवेबाहेर, नारळाच्या झापांच्या राहुट्या बांधायच्या आणि तीन दिवस, तीन रात्री तिथं राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचा. आत कुणी जायचं नाही, आत जिवंत काही ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि परतायचं. याला गावपळण म्हणतात. लहानपणी हिची भीती वाटते, मोठेपणी मजा वाटते आणि पन्नाशीच्या आसपास पाठ दुखते. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. त्या पळणीला आता अकरा वर्षं झाली.

मी हायस्कूलात प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या मोजण्यात माझी हयात गेली. निघताना मी कोंबड्याही मोजल्या होत्या. सात भरल्या. आठवी रविवारी पातेल्यात गेली असं मी धरून चाललो, आणि भाईला विचारण्याचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

न विचारण्याची आम्हाला सवय होती. भाई सतराव्या वर्षी घरातून निघून गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा. पुढं तो मुंबईत कुठंकुठं राहिला, मग बोटीवर लागला. दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा, परदेशी साबणाच्या वड्या वाटायचा आणि आठ दिवसांत परत जायचा. त्याचं लग्न मुंबईलाच झालं, वहिनी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. आई वारली तेव्हा तो आला आणि वर्षश्राद्धापर्यंत म्हणून राहिला. वर्षश्राद्ध होऊन सहा महिने उलटले तरी तो होता. आम्ही दोघं एका ओटीवर झोपायचो आणि दिवसाकाठी पाच वाक्यं बोलायचो. बाकीचं सगळं माझ्या बायकोमार्फत चालायचं. “भाईंना विचार, उद्या बाजारात जातायत का,” असं मी सुलभाला सांगायचो, आणि भाई चार हातांवर बसलेला असायचा. पळणीच्या महिनाभर आधी सुलभा आमच्या लेकीच्या बाळंतपणाला कुडाळला गेली आणि ती पाच वाक्यंसुद्धा दोनवर आली.

भाई पहिल्या खेपेला झापं आणि भांडी घेऊन पुढं गेला होता. मागची आवराआवर करून कुलूप लावायचं काम माझ्याकडे होतं. लाकडांच्या खोपीतली डाल, म्हणजे कोंबडी झाकायची टोपली, उचलून बरोबर आण, एवढं त्यानं सांगायचं होतं. नाहीतर खोपीत काही आहे का, एवढं मी विचारायचं होतं.

“सांगूक काय झाला होता तुका?” मी म्हणालो.

“तुका दिसणा नाय? रोज लाकडां आणूक खोपीत जातंस.”

“डाल दिसता. डालीखाली काय आसा ता कसा दिसतला?”

“आठांतली एक कमी झाली तरी विचारूक नाय तू!”

“माका वाटला खाल्ली.”

“दोगांनी? अख्खी काळी?” काकी मध्येच म्हणाली. ती कोंबडी खरंच दणदणीत होती.

भाईनं पायांत चपला सरकवल्या. “पाणी ठेवलंय मी करवंटीत. वायच कण्या टाकलंय. पण ता एका दिवसाचा. मी जाऊन घेऊन येतंय.”

“गावात?”

“मगे खय?”

मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. आजूबाजूच्या चार राहुट्यांतून माना बाहेर आल्या होत्या. “भाई, असा करूचा नाय. पळणीत आत गेलास तर उद्या गावात कोणाचा गोरू मेला तरी आमच्यावर येतला. लोक काय म्हणतले?”

“माका काय म्हणान काय करतले?” तो अगदी शांतपणे म्हणाला. “मी खय हय रवतलंय? पळण झाली की दोन दिवसांनी जातंय. वसईक. तिकीट काढलंय.”

हे त्यानं कधी ठरवलं, तिकीट कधी काढलं, मला पत्ता नव्हता. वसईला त्याची एक खोली होती, दीड वर्ष कुलूपबंद. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तिकीट रद्द कर म्हणायला हवं होतं. आणि मी म्हणालो काय? “मगे आधी तातूंक विचारूया.”

तातू घाडी गावातले सगळ्यांत म्हातारे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. ते आपल्या राहुटीत चटईवर बसून पेज पीत होते. भाई येईल असं मला वाटलं नव्हतं, पण तो मागोमाग आला आणि झालेलं सगळं त्यानंच सांगितलं. माझ्यावर काही ढकललं नाही. तातूंनी पेज संपवली, मिशा पुसल्या.

“डाल कोणी ठेवली?”

“मी,” भाई म्हणाला.

“कुलूप कोणी लावला?”

“मी,” मी म्हणालो.

“एका घरात रवतास मां दोगव?”

आम्ही दोघांनी माना हलवल्या.

“आणि कोंबी खय बसवली ता एकमेकाक सांगणा नाय.” तातूंनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. भोवती जमलेल्यांत कुणीतरी हसलं. “कोणी आत जाऊचा नाय. गाव आता देवाचो, तर कोंबीव देवाची. तो बघून घेतलो तिका. मी गाऱ्हाणा घालतंय. तुम्ही तोपर्यंत जावा आणि वायच बोलूक शिका.”

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला चारचौघांत असं ऐकावं लागलं. परतताना मी खाली मान घालून चाललो होतो. भाई मात्र गालातल्या गालात हसत होता.

दुपारी जेवण झाल्यावर तो राहुटीत दिसेना. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी धावत व्हाळापाशी गेलो. तो अलीकडच्याच काठावर, एका दगडावर बसला होता. व्हाळापलीकडे शेतं आणि शेतांपलीकडे माडांच्या आत आमच्या घराची कौलं दिसत होती. गाव इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. कुठं धूर नाही, कुत्रं नाही, पंपाचा आवाज नाही.

“मी जाणा नाय,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “बस.”

मी बसलो. मग तातूंचं बोलणं मनात असावं म्हणून असेल, मी विचारलं, “भाई, बोटीवर तू नेमका करायचंस काय?”

तो चमकून माझ्याकडे बघायला लागला. “चाळीस वर्षांनी विचारतंस?”

“तू तरी सांगितलंस खय?”

“भांडी घासायचंय,” तो म्हणाला. “पयली सात वर्षां. आवशीक सांगू नको हां.” आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो हसला, मग मीही हसलो. नंतर त्यानं सगळं सांगितलं. भांडी घासता घासता स्वयंपाकी कसा झाला, वादळात पातेली साखळीनं कशी बांधतात, बाबा गेल्याची तार त्याला सतरा दिवसांनी कशी मिळाली आणि त्या दिवशी बावीस माणसांचं जेवण त्यानं कसं रांधलं. मी ऐकत होतो. त्या सतरा दिवसांत मी त्याच्यावर चिडून होतो, हे मला तिथं बसल्या बसल्या आठवलं. बापाच्या दहाव्यालासुद्धा आला नाही, असं मी कितीतरी जणांना सांगितलं होतं. मी त्याला ते सांगून टाकलं.

“माका ठावक आसा,” तो म्हणाला. “काकीन कळवलेला.”

ऊन उतरायला लागलं. काठावरून गुरं परत नेणारी माणसं जात होती. भाईनं हातातली काडी व्हाळात टाकली आणि म्हणाला, “मी गेलंय ता पण पळणीतच. याद आसा तुका?”

मला आठवत होतं. हीच गोष्ट मी चाळीस वर्षं टाळत आलो होतो. तेव्हाही राहुट्या इथंच होत्या. बाबांनी भाईला सगळ्यांच्या देखत मारलं होतं. कशावरून, ते आज आम्हा दोघांनाही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, तांबडं फुटायच्या सुमाराला तो उठला. आम्ही दोघं एका गोधडीत झोपायचो. त्यानं कपड्यांची पिशवी उचलली आणि राहुटीतून बाहेर पडला.

“तू जागो होतंस,” भाई म्हणाला. “चुलीत विस्तव होतो. तुझे डोळे उघडे दिसले माका.”

“होय.”

“वाटेवरच्या फणसाकडे थांबलंय मी. फटफटीत होयसर. तू हाक मारतलंस असा वाटला. रडतलंस, बाबांक उठवतलंस, कायतरी करतलंस. तू हाक मारली असतंस तर मी जाणार नाय होतंय.” त्याचा आवाज चढला नाही की पडला नाही. “मगे म्हटलंय, बारक्या भावाकव आपण नको.”

खरं काय ते मला कुणालाच कधी सांगता आलं नव्हतं, आईलाही नाही, सुलभालाही नाही. “तसा नाय भाई,” मी म्हणालो. “माका वाटला, आता गोधडी सगळी माझी.”

“काय?”

“थंडी होती. तू रोज ओढून घ्यायचंस. माका वाटला, तू खयतरी चाललंस, तोवर गोधडी माझी एकट्याची. मगे माका झोप लागली. उठलंय तेव्हा आवस रडत होती.”

भाई माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू फुटलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. “गोधडी!” तो म्हणत होता. “अरे मेल्या, गोधडी!” हसता हसता त्यानं तोंड फिरवलं आणि ते पाणी पुसायला त्याला बराच वेळ लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सरळ ठेवला, काढून घेतला नाही.

“मगे आता तरी कित्याक चाललंस?” मी विचारलं.

“दीड वरस झाला, उमो. एकदाव कोणी म्हटला नाय, भाई, रव म्हणान. पावण्यान किती दिस बसूचा?”

एवढं सोपं होतं. दोन शब्दांचं काम. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, मला सोपं जावं म्हणूनच बघत नसावा. मी तोंड उघडलं आणि नेमकी काकी काठावरून ओरडली, “गो बाय, चुलीवरचा कालवण करपला मां तुमचा!” आम्ही उठलो. खरं तर काकी नसती तरी मी बोललो असतो की नाही, मला शंका आहे. आमच्या घरात प्रेमाचं बोलायचं म्हणजे कपडे काढून बाजारात जाण्यासारखं होतं.

पळणीचा राहिलेला दिवस मात्र मजेत गेला. भाईनं मला बांगड्याचं तिखलं करायला शिकवलं. मी त्याला गाण्याच्या भेंड्या लावायला बसवलं. तासातासाला आमच्यापैकी एकजण व्हाळावर जाऊन कौलांकडे बघून यायचा, जसं काही कोंबडी कौलांवर येऊन हात करणार होती. “काय म्हणता?” दुसरा विचारायचा. “बरी आसा म्हणता,” पहिला सांगायचा.

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला, ढोल वाजला आणि गाव आत निघाला. भाईचा उजवा गुडघा दुखरा, पण तो त्या दिवशी माझ्यापुढं वीस पावलं होता. मी खोपीचं कुलूप काढलं. डाल तशीच होती. भाई खाली बसला आणि डाल उचलायला त्याचा हात पुढं होईना. मीच उचलली.

काळी बसलेली होती. मान खाली, पिसं विस्कटलेली, करवंटी कोरडी ठणठणीत. भाईनं हात लावताच तिनं त्याच्या अंगठ्याला अशी चोच मारली की रक्त आलं. “जिती आसा!” भाई ओरडला. “मेली जिती आसा!” त्यानं ओंजळीत पाणी घेऊन तिच्या चोचीपुढं धरलं. ती प्यायली, पुन्हा चोच बुडवली, पुन्हा प्यायली. अंगठ्यातलं रक्त त्या पाण्यात मिसळत होतं आणि त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. मी तिच्या पोटाखाली हात घातला. अकराच्या अकरा अंडी ऊन होती.

तातूंना सांगायला मी स्वतः गेलो. ते म्हणाले, “देव आसा रे बाबा.” आणि मग, “बोलूक शिकलास?”

“थोडाफार,” मी म्हणालो.

दोन दिवस गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी भाईनं पिशवी भरली. जेवताना तो मला सूचना देत होता. “पाच दिवसांनी फुटतीत अंडी. पयले दोन दिस पिल्लांक कायएक घालू नको. घारीची नजर आसता, डालीवर वजन ठेव.” मी हो म्हणालो. प्रत्येक गोष्टीला हो म्हणालो. ते दोन शब्द सोडून माझ्या तोंडून सगळं येत होतं.

गाडी कुडाळहून आठला, त्यासाठी नाक्यावरची सहाची एसटी गाठायची होती. पहाटे भाई उठला तेव्हा मी जागा होतो. ओटीवर अंधुक उजेड होता. त्यानं अंथरूण गुंडाळलं, देवापुढं उभा राहिला, पिशवी उचलली. मी चादरीतून बघत होतो. तो क्षणभर माझ्या बाजूला वळला आणि मी, एकोणपन्नास वर्षांच्या बाप्यानं, डोळे मिटून घेतले.

दाराची कडी वाजली. दारापुढच्या खळ्यातून पावलं गेली. मग काही नाही. मी पडून होतो आणि स्वतःला शिव्या देत होतो. ऊठ, मेल्या. आता ऊठ. किती वेळ गेला ठाऊक नाही. नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजला, गिअर पडला, घाटीच्या चढावर इंजिन कण्हलं आणि आवाज लांब लांब जात संपला.

तेव्हा मी उठलो. धडपडत ओट्यावर आलो. बस गेलेली, कुणी ऐकायला नाही, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “भाई! भाई, रव रे! जाव नको!”

माडांवरचे कावळे उडाले. खोपीतून काळी कुरकुरली.

“बोंबलतंस कशाक?” कुंपणाच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, माडाच्या सावलीतून आवाज आला. “काकी उठात.”

मी तसाच अनवाणी खळ्यात उतरलो. भाई बेड्याच्या आतल्या बाजूला उभा होता, घराकडे तोंड करून. पिशवी त्याच्या पायांशी खाली ठेवलेली होती.

“भाई,” मी म्हणालो, “एसटी गेली.”

“गेली ती. ऐकलंय मी.”

त्यानं एक हात माझ्या खांद्यावर टाकला आणि सगळा भार माझ्यावर दिला.

“पिशवी घे,” तो म्हणाला. “उभ्या उभ्यान गुडघो धरलो माझो.”